फॅन बेल्टची टिकाऊपणा चाचणी व बिघाडाचे निदान

एंजिनाच्या क्रँकशाफ्टवरील (एंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावरील) पुलीची, म्हणजे खाचेच्या चाकाची, गती पाण्याचा पंप, वीज तयार करणारा अल्टरनेटर आणि जुन्या रचनेत रेडिएटरमागचा पंखा यांना पोहोचवणारा रबरी पट्टा म्हणजे फॅन बेल्ट. आजच्या बहुतेक छोट्या मोटारींत पंखा विजेवर फिरतो, त्यामुळे या पट्ट्याचा पंख्याशी काही संबंध उरलेला नाही. गॅरेजमध्ये नाव मात्र तेच टिकून आहे.

मोटारींसाठीचा रबरी व्ही-पट्टा अमेरिकेत जॉन गेट्स यांनी १९१७ मध्ये आणला. त्याच्या दोन बाजूंमध्ये सुमारे ४० अंशांचा कोन असतो. पाचरीसारखा खाचेत रुतून तो बाजूंनी पकड घेतो, तळाने नाही. म्हणूनच पुलीच्या खाचेचा तळ घासून चकचकीत झालेला दिसला, की पट्टा किंवा पुली झिजली असे समजावे. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून व्ही-पट्ट्याची जागा अनेक बारीक धारांचा, म्हणजे लांबीभर जाणाऱ्या उंचवट्यांचा, चपटा पट्टा घेऊ लागला. मोटारींतील पीके प्रकारात लगतच्या दोन धारांमध्ये ३.५६ मिमी अंतर असते. दोन्ही प्रकारांत खरा ताण पेलतात ते रबरात गुंडाळलेले पॉलिएस्टरचे किंवा ॲरामिड या मजबूत कृत्रिम धाग्याचे दोर.

पट्ट्याला थकवतो तो मुख्यतः वाक. क्रँकची पुली १५० मिमी व्यासाची आणि एंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर असेल, तर पट्टा सेकंदाला साडेतेवीस मीटर धावतो. एक मीटर लांबीचा पट्टा तीन पुल्यांवर असेल, तर त्याचा प्रत्येक भाग तासाला सुमारे अडीच लाख वेळा वाकतो आणि सरळ होतो. त्यात एंजिनाची उष्णता येते, आणि प्रत्येक स्फोटागणिक क्रँकच्या गतीला बसणारे हिसकेही. डिझेल एंजिनात हे हिसके अधिक तीव्र असतात.

थकवा चाचणीत पट्टा एक चालक पुली, ब्रेकचा भार दिलेली दुसरी पुली आणि ताण देणारी तिसरी पुली यांवर गरम कक्षात सतत चालवतात. व्ही-पट्ट्यांसाठी आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचे ५२८७ आणि धारांच्या पट्ट्यांसाठी आयएसओ ११७४९ ही मानके आहेत. पट्टा तुटेपर्यंत थांबावे लागतेच असे नाही; तो ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त घसरू लागला, तरी तो नापासच. एकाच साच्यातले पट्टेही वेगवेगळ्या तासांना निकामी होतात, म्हणून आकडेवारी वाइबुल वितरणात (निकामी होण्याच्या काळांच्या संख्याशास्त्रीय सूत्रात) बसवून बी-१० आयुर्मान, म्हणजे दहा टक्के नमुने निकामी होईपर्यंतचा काळ, काढतात. सरासरीपेक्षा हा आकडा जास्त प्रामाणिक, कारण गाडीवाल्याला सरासरी पट्टा नव्हे, एकच पट्टा मिळतो. ओझोनने रबर तडकते का, कडाक्याच्या थंडीत ते ताठरते का आणि तेलाने फुगते का, हे वेगळे तपासले जाते. भारतात असे पट्टे बनवणाऱ्या उद्योगाचा महाराष्ट्रातला एक ठळक पत्ता म्हणजे नागपूरजवळचे हिंगणा. पिक्स ट्रान्समिशन्स या पट्टे बनवणाऱ्या कंपनीचे कारखाने तिथे आहेत.

निकामी पट्ट्याचे निदान करताना पट्ट्याइतकेच पुल्यांकडेही पाहावे लागते. बाजू काचेसारख्या चकाकत असतील, तर सैल पट्टा घसरून तापला आहे. एकाच कडेचा दोर बाहेर आला असेल, तर पुल्या एका रेषेत नाहीत, किंवा पट्टा बसवताना स्क्रूड्रायव्हरने जोर लावून चढवला आहे. त्यात आतले दोर तुटतात आणि पट्टा काही दिवसांनी ‘अचानक’ जातो. फुगलेले, चिकट रबर गळणारे तेल किंवा कूलंट (एंजिन थंड ठेवणारा द्रव) सांगते. तडे आणि तुटून पडलेल्या धारा उष्णता व वय दाखवतात. गंमत म्हणजे बदललेला जुना पट्टा बहुधा लगेच कचऱ्यात जातो आणि त्याबरोबर पुरावाही. नवा पट्टा त्याच वाकड्या पुलीवर चढतो आणि तोही लवकरच जातो.

तड्यांवर विसंबण्याची सवय आता फसवी ठरते. जुना निओप्रीन या कृत्रिम रबराचा पट्टा मरण्याआधी भेगाळत असे, त्यामुळे डोळ्यांना इशारा मिळे. हल्लीचा ईपीडीएम या दुसऱ्या कृत्रिम रबराचा पट्टा सहसा भेगाळत नाही, टायरसारखा झिजतो. धारांमधल्या खाचा रुंद आणि खोल होतात, पट्टा खाली बसतो, पकड सुटते, आणि वरून मात्र तो नवाच दिसतो. यासाठी खाचेत बसवून पाहण्याचा प्लॅस्टिकचा छोटा मापक मिळतो.

पट्टा ओरडत असेल, तर एंजिन चालू असताना, हात व कपडे दूर ठेवून, त्यावर थोडे पाणी उडवतात. आवाज वाढला तर ताण कमी आहे. आवाज क्षणभर थांबून पुन्हा सुरू झाला, तर पुल्यांची रेषा चुकली आहे.