प्रलय म्हणायचं की उत्पात?

अचानक काहीतरी भयंकर झालं की लोक 'प्रलय' किंवा 'उत्पात' यातला जो आधी सुचेल तो शब्द टाकून मोकळे होतात. मला हे मनापासून खटकतं, कारण शब्द बदलला की घटनाच वेगळी वाटायला लागते.

प्रलयमधला 'लय' आपल्या ओळखीचाच आहे, उत्पत्ती-स्थिती-लय मधला. लय म्हणजे विरून जाणं, मिठाचा खडा पाण्यात पडला की थोड्या वेळाने नुसतं पाणीच दिसतं ना, तसं. म्हणून प्रलयात मुख्य गोष्ट धडाका नाही, तर नंतर काही उरत नाही ही आहे. पुराणांत कल्प (ब्रह्मदेवाचा एक दिवस) संपला की सगळी सृष्टी पाण्यात बुडते, मनूची नाव मासा ओढून नेतो ती गोष्ट पण तिथलीच, त्यामुळे प्रलय म्हटलं की डोळ्यासमोर आधी पाणीच येतं आणि जलप्रलय हा शब्द इतका सहज तोंडात बसलाय. इंग्रजी 'कॅटॅक्लिझम'चं पण सेम आहे, मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पूर, सगळं धुऊन नेणारा.

उत्पात वेगळ्या घरचा. उत् म्हणजे वर आणि पत् म्हणजे उडणं, पडणं, म्हणजे उसळून वर येणं. (उत्पत्तीशी याचा संबंध नाही हं, तिथे धातू पद् आहे, दिसायला सारखं दिसतं म्हणून फसायला होतं.) आणि गंमत म्हणजे जुन्या संस्कृतात उत्पात हे संकट नव्हतंच, ती संकटाची चाहूल होती. सहाव्या शतकात ज्योतिषी वराहमिहिराने बृहत्संहिता या आपल्या ग्रंथात सरळ सांगितलंय की निसर्ग नेहमीपेक्षा वेगळं वागला की तो उत्पात, आणि त्याचे दिव्य, आंतरिक्ष आणि भौम असे तीन प्रकार, म्हणजे ग्रहनक्षत्रांतले, त्याखालच्या आकाशातले उल्का वगैरे, आणि जमिनीवरचे. आधी अपशकुन, मग त्यामागून येणारं संकट, असं करत करत शब्द आजच्या अर्थाला आला.

आता वापर. क्रियापद बघितलं की निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. प्रलय येतो, होतो, ओढवतो. उत्पात मात्र कोणीतरी माजवतं, म्हणजे करणारा हवाच, मग तो हत्तींचा कळप असो, दंगलखोर असोत नाहीतर वादळ. 'हत्तींनी शेतात प्रलय माजवला' असं वाचलं की कानाला लगेच टोचतं. आणि उत्पात आवरता येतो, थांबवता येतो, प्रलयातून फक्त वाचता येतं.

एकाच घटनेत दोन्ही बघायचे असतील तर क्राकाटोआ घ्या. ऑगस्ट 1883 मध्ये इंडोनेशियातल्या या ज्वालामुखीचा असा स्फोट झाला की आवाज जवळपास 4,800 किलोमीटरवरच्या रॉड्रिग्ज बेटावर ऐकू गेला, राख उसळली, बेटाचा बराचसा भाग समुद्रात गेला. हा ज्वालामुखीचा उत्पात. पण 36,000 च्या वर माणसं गेली त्यातली बहुतेक स्फोटाने नाही, त्यातून उठलेल्या त्सुनामीने, किनाऱ्यावरची गावंच्या गावं पुसली गेली, आणि त्या किनाऱ्यासाठी तो प्रलय होता. तिथे नुसतं 'लाटांनी उत्पात केला' लिहिलं तर गावं गेली हे कुठेच येत नाही, फक्त लाटांचा जोर येतो.

उलट बाजूने पण तीच चूक होते. जोराचा पाऊस झाला, रस्ते तुंबले, संध्याकाळपर्यंत पाणी ओसरलं, आणि आपण लिहितो प्रलय. मग जिथे खरंच घरदार वाहून गेलं त्यांच्यासाठी कुठला शब्द ठेवला आपण?

दुष्काळाला मात्र यातला एकही शब्द लागत नाही, तो हळूहळू येतो. त्याला अरिष्ट म्हणा, चपखल बसतं.