स्कूटरचं इंजिन, होडीचं इंजिन

"साहेब, आ तो स्कूटर ज छे, ऊभुं करेलुं!"

बडोद्याच्या वाडी भागातल्या आमच्या मिस्त्रींनी होडीचं इंजिन पाहिलं आणि पहिल्याच नजरेत निकाल दिला: ही तर स्कूटरच, फक्त उभी केलेली. चेतक आणि विजय सुपर उघडण्यात ज्याचं अर्धं आयुष्य गेलं, त्याला असं वाटणारच. मलाही तेच वाटलं होतं. दोन्ही टू-स्ट्रोक, दोन्हींत पेट्रोलमध्येच तेल मिसळायचं, दोन्हींच्या फ्लायव्हीलखाली मॅग्नेटो, पॉइंट आणि कंडेन्सर, म्हणजे ठिणगी पाडणारी सगळी सामग्री. पण पुढच्या चार महिन्यांत आम्ही जेवढं बिघडवलं, ते सगळं या सारखेपणापायी. जिथे काही अनोळखी दिसलं तिथे आम्ही थांबलो, विचारलं. ओळखीचं दिसलं तिथे बेधडक पाना लावला.

होडी खंभातच्या आखातावरच्या कावी-कंबोईच्या बाजूची. तिथे स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ भरतीला पाण्याखाली जातं आणि ओहोटीला पुन्हा वर येतं. बडोद्याची माणसं मुद्दाम ते बघायला जातात. त्याच आखातात ही अठरा फुटी लाकडी होडी मासेमारी करायची. फायबरच्या होड्या आल्या आणि ही अंगणात पालथी पडली. सोबत दोन सिलिंडरचं जुनं आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून अडकवायचं इंजिन. बनवणाऱ्याचं नाव उन्हाने केव्हाच खाल्लेलं. मी दोन्ही टेम्पोत घालून डांडिया बाजारच्या घरी आणलं, तेव्हा आई म्हणाली, "आता हिला सुरसागर तलावात सोडणारेस का रे?"

आता मुद्द्यावर येतो.

स्कूटरचं इंजिन वाऱ्यावर थंड होतं. चेतकच्या सिलिंडरभोवती पत्र्यासारखे पंख असतात, फ्लायव्हीलचा पंखा कव्हरमधून त्यांच्यावर हवा मारतो, संपलं. पंखांत चिखल अडकला तर डोळ्यांना दिसतो. आउटबोर्डचं सिलिंडर बाहेरून गुळगुळीत असतं. त्याला पंख नाहीत, कारण आत पोकळ भिंत आहे आणि त्या भिंतीतून नदीचं किंवा समुद्राचं पाणी फिरतं. ते पाणी वर चढवणारा पंप इंजिनात नसतो. तो खाली, पाण्यात बुडणाऱ्या पायात असतो: इंजिनाच्या उभ्या शाफ्टवर बसवलेला, पाकळ्या असलेला रबरी इम्पेलर. तो जाळीतून पाणी ओढतो, बारीक नळीतून वर ढकलतो, पाणी सिलिंडरभोवती फिरून धुरासोबत खाली जातं. बऱ्याच इंजिनांत थोडं पाणी मागच्या भोकातून बारीक धारेने बाहेर पडतं. ती धार म्हणजे पंप चालू असल्याची खूण.

मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी प्लग काढला, दोन थेंब पेट्रोल टाकलं, दोरी ओढली. इंजिन चक्क फटफटलं. आम्ही दोघं हरखून गेलो आणि गॅरेजच्या फरशीवर, कोरडंच, ते चालू ठेवलं. स्कूटर अशी चालवता येते. आउटबोर्ड येत नाही. कोरड्यात इम्पेलरच्या पाकळ्यांना वंगण म्हणूनसुद्धा पाणी मिळत नाही. त्या घासून मिनिटाच्या आतसुद्धा जळू शकतात. तसा आमचा इम्पेलर आधीच मेलेला होता म्हणा. वर्षानुवर्षं एकाच जागी दाबून राहिल्याने त्याच्या अर्ध्या पाकळ्या वाकल्या होत्या त्या वाकल्याच, आणि रबर खारकेसारखं कडक झालं होतं. म्हणून जुनं आउटबोर्ड घरी आणलं की ते सुरू होतं का हे बघण्याआधी पाय उतरवून इम्पेलर बदलायचा. हा भाग स्कूटरमध्ये नाहीच, म्हणून स्कूटरवाल्याला तो आठवतही नाही.

नवा इम्पेलर घातला तरी धार येईना. नळीत फुंकर मारली तर बंद. सिलिंडरच्या बाजूचं झाकण उघडलं आणि आत जे दिसलं ते मी विसरणार नाही: पाण्याच्या वाटेत आखाताचा गाळ थराथराने बसून विटेसारखा कडक झालेला. खंभातच्या आखाताचं पाणी चहासारखं गढूळ असतं, त्यात मीठ. आम्ही सायकलच्या आऱ्याला टोक काढून दोन संध्याकाळी ते खरवडलं. झाकणाच्या बोल्टांपैकी दोन आधीच तुटले होते. ॲल्युमिनियमच्या अंगात पोलादी बोल्ट, मध्ये खारं पाणी, की दोन धातूंचा संसार सुरू होतो आणि ॲल्युमिनियम झिजून पांढरी भुकटी होते. स्कूटरच्या गंजलेल्या बोल्टला मिस्त्री लांब पाना लावून झटका देतात. इथे झटका दिला की मुंडकं हातात येतं. आधी उष्णता, मग गंज सोडवणारं तेल, मग एक दिवस थांबणं, मग पुन्हा उष्णता. खाऱ्या पाण्यात चालणाऱ्या इंजिनाच्या पायाला म्हणूनच जस्ताचा एक ठोकळा लावलेला असतो. तो आधी झिजतो आणि पाय वाचतो. आमचा ठोकळा झिजून बोराएवढा उरला होता. गोड्या पाण्यात जस्त नीट काम देत नाही, तिथे मॅग्नेशियमचा लावतात. नर्मदेवर आणि आखातात एकच होडी नेणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

तेलाची गोष्ट याच पाण्यातून निघते. पेट्रोल पंपावर मिळणारं टू-टी आणि आउटबोर्डचं टीसी-डब्ल्यू३ दोन्ही टू-स्ट्रोकचीच तेलं, म्हणून एक नसेल तर दुसरं ओततात. मिस्त्रींनीही ओतलं. फरक असा. हवेवरचं सिलिंडर फार तापतं, तिथे पिस्टनवर काजळी चिकटू नये म्हणून टू-टीमध्ये धातूयुक्त सफाई-द्रव्यं घातलेली असतात. ती जळाली की थोडी राख राहते. स्कूटरला ती चालते. आउटबोर्डमधलं पाणी, थर्मोस्टॅट (तापमान राखणारी झडप) असेल तर, साठ-पासष्ट अंशांच्या आसपास राहतं. सिलिंडर त्या मानाने थंड आणि भार मात्र सतत पूर्ण. अशात ती राख पिस्टनच्या माथ्यावर जमते, निखाऱ्यासारखी लाल होते आणि ठिणगी पडण्याआधीच पेट्रोल पेटवते. पिस्टनला भोक पडायला एवढं पुरतं. टीसी-डब्ल्यू३ राख न सोडणारं असतं, नावातला डब्ल्यू पाण्याचाच. आता कुणी म्हणेल की मग महाग तेल चांगलं, तेच स्कूटरमध्येही घालू. तेही नको. त्यातली राखविरहित द्रव्यं हवेवरच्या इंजिनाच्या उष्णतेत टिकत नाहीत आणि पिस्टनच्या रिंगा खाचेत चिकटतात.

प्रमाणाबाबतही तेच. चेतकला लिटरमागे २० मिली, हे बडोद्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. म्हणजे पन्नासाला एक. पण जुन्या आउटबोर्डना, विशेषतः १९६४च्या आधीच्या बऱ्याच अमेरिकी इंजिनांना, चोविसाला एक लागायचं, म्हणजे लिटरमागे जवळपास ४२ मिली. ब्रिटिश सीगलची जुनी इंजिनं तर दहाला एक मागायची, १०० मिली! त्यांच्या आत सुईसारख्या रोलरांच्या बेअरिंगऐवजी साधे बुश असतात आणि त्यांना तेलाचा जाड थर हवा असतो. इंजिनाचं साल कळत नसेल तर चोविसाला एकवर जावं. धूर होईल, प्लग काळा पडेल, इंजिन जगेल.

प्लगवरून आठवलं. स्कूटरवाला प्लग काढतो, तपकिरी दिसला की खूश. आमच्या वरच्या सिलिंडरचा प्लग तपकिरी निघाला, खालचा लख्ख, धुतल्यासारखा. मिस्त्री म्हणाले, "आ नीचेवाळो एकदम फर्स्ट क्लास." तोच आजारी होता. हेडच्या पॅकिंगमधून पाणी आत जात होतं, त्याची वाफ होऊन पिस्टन आणि प्लग दोन्ही धुऊन निघत होते. पाण्याच्या इंजिनात फार स्वच्छ दिसणं ही वाईट बातमी. आणि स्कूटरचा प्लग तिथे बसतो, आटे जुळतात, म्हणून तो चालतोच असं नाही. किती तापायचं याची त्याची प्रतवारी वेगळी असते.

सगळ्यात महाग पडलेली चूक मात्र कागदाची. चेतकच्या क्रँककेसचे, म्हणजे फिरणारा दांडा ज्यात बसतो त्या पेटीचे, दोन भाग जोडताना मध्ये कागदी पॅकिंग घालतात. न घातलं तर हवा ओढते, हे मिस्त्रींच्या हाडात मुरलेलं. त्यांनी आउटबोर्डच्या क्रँककेसलाही प्रेमाने, कात्रीने कापून, सुंदर पॅकिंग घातलं. पण या इंजिनात केस बेअरिंगच्या मधोमध उभी चिरलेली असते. दोन अर्ध्या मिळून बेअरिंगची गोल जागा होते. मध्ये कागद आला की ते गोल लांबट होतं आणि बेअरिंग सैल बसतं. तिथे फक्त सीलिंगची पातळ लेप-पेस्ट, दुसरं काही नाही. पुन्हा सगळं उघडलं. बेअरिंगच्या जागा मापून घ्यायला मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) लेथवाल्याकडे गेलो. त्याने मायक्रोमीटर लावला, मान हलवली आणि म्हणाला, "थोडक्यात वाचलात."

गिअर. स्कूटरला चार गिअर आणि क्लच. चढ आला की खालचा घालायचा. आउटबोर्डला पुढे, मध्ये, मागे एवढंच. क्लचप्लेट नाही, दातेरी कुत्रा (डॉग क्लच, दात असलेली कडी) थेट गिअरमध्ये अडकतो. "हळू हळू घालू" म्हणून हाफ क्लचसारखं केलं तर दात घासले जातात. रेस कमी करायची आणि ठाम हाताने टाकायचा. म्हणजे त्याचा खरा गिअर खाली, पाण्यात फिरणारा पंखा (प्रोपेलर). पंख्याची पिच म्हणजे एका फेऱ्यात तो किती पुढे सरकायला बघतो ते. लाकडी होडी पाणी पिऊन जड होते, मग मोठी पिच म्हणजे टॉप गिअरमध्ये पावागढ चढणं. स्कूटर दिवसभरात क्वचित पूर्ण ॲक्सिलरेटरवर असते, होडी तासन् तास असते.

आणि पिन! पंखा आणि शाफ्ट यांच्यामध्ये मऊ धातूची एक छोटी पिन असते. दगडाला लागला की ती तुटते आणि आतले गिअर वाचतात. ज्यांच्याकडून होडी घेतली त्यांनी तिथे खिळा घातला होता, "सारखी तुटते" म्हणून. तुटण्यासाठीच ती ठेवलेली असते. तीन जादा पिना आणि एक पक्कड आता होडीत बांधलेल्या आहेत.

विजेच्या बाजूचं मिस्त्रींना काही शिकवावं लागलं नाही. पॉइंटची फट, कंडेन्सर, तडकलेल्या कॉइल, सगळं त्यांनी अर्ध्या दिवसात आटपलं. फक्त दोन सिलिंडर, म्हणून सगळं दोन-दोन. एअर फिल्टर मात्र ते बराच वेळ शोधत राहिले. बहुतेक आउटबोर्डना तो नसतोच. पाण्यावर धूळ कुठली?

पेट्रोलचं दुखणं दोघांचं सामायिक. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं, जुने रबरी पाइप फुगवतं. जुन्या आउटबोर्डच्या कार्बोरेटरमधला फ्लोट कधी कधी बुचाचा असतो, वर चपड्याचा, म्हणजे लाखेचा, लेप. इथेनॉलमध्ये तो लेप विरघळतो, बूच पेट्रोल पितं, बुडतं आणि कार्बोरेटर ओसंडतो. काम झालं की टाकीची नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यायचं, कार्बोरेटरमध्ये थेंब ठेवायचा नाही.

मिस्त्रींनाच नावं ठेवतोय असं वाटू नये म्हणून माझीही चूक सांगतो. मी फर्निचरच्या सुताराला बोलावून होडी दाखवली. फळ्या सागाच्या, आतल्या बरगड्या बाभळीच्या, आणि वर्षानुवर्षं उन्हात राहून फळ्यांमध्ये बोट जाईल अशा फटी. तो म्हणाला, भुशाची लुगदी भरून पॉलिश मारतो, कपाटासारखी दिसेल. मी हो म्हणणार होतो. कपाटाचं लाकूड कोरडं राहतं, होडीचं पाण्यात फुगतं. फटीत दगडासारखं काही भरलं तर फुगणाऱ्या फळीला जागा उरत नाही, ती बरगडी ढकलते, खिळे उपटते. तिथे तेलात भिजवलेला कापूस ठोकतात, दबेल असा. मग होडी आठवडाभर ओल्या पोत्यांखाली ठेवायची आणि पाण्यात सोडल्यावर पहिले एक-दोन दिवस ती गळणारच. या किनाऱ्यावर फळ्यांना मुशीच्या, म्हणजे शार्कच्या यकृताचं तेल पाजायची जुनी पद्धत. तो वास आमच्या वाड्याला अजून येतो. शेजारच्या काकू खिडकी उघडत नाहीत.

चाचणी कुठे घ्यायची? विश्वामित्री नदीत मगरी. आजवा तलाव म्हणजे गावाचं पिण्याचं पाणी. आणि १८ जानेवारी २०२४ला हरणीच्या तलावात होडी उलटून बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या, तेव्हापासून आमच्या घरात होडी या शब्दावर सगळे गप्प होतात. बायकोने लाइफ जॅकेटं आधी आणायला लावली, स्पार्क प्लग नंतर.

म्हणून दोनशे लिटरचं पिंप अंगणात ठेवलं, पाण्याची जाळी बुडेल इतकं भरलं, इंजिन फळीला अडकवून पाय आत सोडला. मिस्त्रींनी दोरी गुंडाळली. चौथ्या ओढीला ते लागलं, पिंपातलं पाणी उकळल्यासारखं उसळलं, निळा धूर गॅलरीपर्यंत गेला. मी सवयीने कान देऊन आवाज ऐकत होतो, दोन्ही सिलिंडर लागलीत का. मिस्त्री आवाज ऐकतच नव्हते. ते वाकून इंजिनाच्या मागे बघत होते, बोट त्या भोकाखाली धरून.

"आवी," ते म्हणाले. धार आली होती.