गाडी शिकवायला नेण्याआधी क्लचचं वाचा

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आमच्या गॅरेजमध्ये एकाच तक्रारीच्या मोटारसायकली लागतात. "रेस दिली की नुसता आवाज वाढतोय, गाडी ओढतच नाही." कोण चालवत होतं विचारलं की आधी "मीच की" असं उत्तर येतं. चहा अर्धा होईपर्यंत कळतं, की पोराला नाहीतर भाचीला शिकवायला जुळे सोलापूरच्या मोकळ्या प्लॉटांकडं नेली होती. शिकवा की, जरूर शिकवा. पण क्लच प्लेटा जळाल्यावर येण्यापेक्षा शिकवायच्या आधी एकदा या.

तुमच्या-आमच्या रोजच्या गाड्यांचा क्लच इंजिन ऑइलमध्ये बुडालेला असतो. त्यात घर्षणाच्या प्लेटा आणि लोखंडी प्लेटा एकाआड एक लावून स्प्रिंगांनी दाबून धरलेल्या असतात. डाव्या हाताचा लिव्हर पूर्ण सोडला की त्या घट्ट बसतात आणि इंजिनाची ताकद चाकाला जाते, पूर्ण दाबला की सुटतात. मधे धरला, म्हणजे हाफ क्लच, की एकमेकींवर घासत फिरतात. गाडी जागेवरून उचलताना दोन-तीन सेकंद हे घासणं होणारच, गाडी तेवढ्यासाठीच बनवलेली आहे. पण शिकणारा मैदानाची अख्खी फेरी हाफ क्लचवर काढतो, वरून भीतीनं रेस पिळलेली आणि मागं भरल्या अंगाचे वडील बसलेले. मे महिन्यातलं आपलं ऊन त्यात मिळवा. दोन-चार सकाळी असं झालं की घर्षणाचा थर करपतो, सुटतो, आणि त्याचा गाळ ऑइलमध्ये उतरतो.

यात चूक शिकणाऱ्याची नसते, शिकवणाऱ्याची असते. रागावू नका, पण मागं बसून "क्लच सोडू नको, सोडू नको!" असं ओरडणारे तुम्हीच असता. गाडी उडी मारेल ही तुमची भीती. पण गाडी उडी मारते ती क्लच सोडला म्हणून नव्हे, तर आधी रेस दिली आणि मग क्लच झटक्यानं सोडला म्हणून.

त्यावर आमचा एकच उपाय आहे. पहिले दोन दिवस रेसला हातच लावू द्यायचा नाही. सपाट डांबरी जागा बघा. मुरमावर नको, तिथं पुढचा ब्रेक जरा दाबला की चाक निसटतं. गाडी सुरू करून पहिला गिअर टाकायचा, उजवी मूठ नुसती धरायची, आणि क्लच अगदी सावकाश सोडायचा. १०० ते १२५ सीसीची गाडी नीट सेटिंगमध्ये असेल तर एका जागी हँडलमध्ये बारीक थरथर येते आणि गाडी आपणहून सरकायला लागते. तिथं क्षणभर थांबायचं, परत दाबायचा, ब्रेक लावायचा. ती जागा हाताला कळेपर्यंत एवढंच करा. मग तिथून पुढं लिव्हर पूर्ण सोडायला लावा. गाडी माणसाच्या चालीनं चालत राहते, तुम्ही बाजूनं चालत जाऊ शकता. क्लच पूर्ण सोडूनही गाडी पळून जात नाही हे एकदा पोराला दिसलं, की तो लिव्हर धरून ठेवायचं आपणहून सोडतो.

अधनंमधनं गाडी बंद पडेल. पडू द्या. अशा सपाट जागेवर बंद पडल्यानं इंजिनाचं काही बिघडत नाही. ती बंद पडू नये म्हणून जी रेस ठेवली जाते तिनं बिघडतं. रेल्वे पुलाचा चढ, पार्क चौकाचा सिग्नल हे सगळं नंतर. आणि चढावर थांबायचं तर ब्रेकवर थांबायला शिकवा, हाफ क्लचवर गाडी तोलून धरायला नको. ही सवय मोठ्यांनाही आहे, बघून घ्या.

घरच्या बाई आधी स्कूटर चालवत असतील तर एक गोष्ट जास्त जपा. स्कूटरला डाव्या हाताचा लिव्हर म्हणजे मागचा ब्रेक. मोटारसायकलला त्याच जागी क्लच, आणि मागचा ब्रेक उजव्या पायाखाली. समोर कुत्रं आलं की डावा हात सवयीनं आवळला जातो, इंजिन सुटतं, गाडी थांबायच्या ऐवजी तशीच घरंगळत पुढं जाते. अशा वेळी "ताई, ब्रेक!" म्हणून ओरडू नका, त्या डावा लिव्हर आणखीच दाबतील. "उजवा पाय!" म्हणा. गाडी बंद ठेवून, जागेवर, "उजवा पाय" म्हटल्याबरोबर पाय पडतो का हे आधी पन्नास वेळा करून घ्या. बाई साडी किंवा ओढणीवर असतील तर साडी गार्ड आणि चेन कव्हर जागेवर आहे ना, तेही बघा. नसेल तर आम्ही बसवून देतो.

शिकायला बुलेट काढू नका. ३५० ची क्लासिक १९५ किलोची, स्प्लेंडर ११२ किलोची. कलंडली तर सावरायला हा फरक पुष्कळ आहे.

आता आमच्यावर येणाऱ्या आक्षेपाबद्दल. "दुसरा मिस्त्री क्लचची केबल ॲडजस्ट करून पाच मिनिटांत देतो, तुम्ही क्लचचं कव्हर का उघडता?" केबलला ढील नसेल तर चांगला क्लचसुद्धा घसरतो, म्हणून आम्हीही आधी केबलच बघतो. लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते २० मिलिमीटर ढील हवी. तेवढ्यानं भागलं तर आम्ही कव्हरला हात लावत नाही. पण ऑइल काळं निघालं, त्याला करपट वास आला, तर आत बघितल्याशिवाय इलाज नाही. जुन्या प्लेटा ट्रेमध्ये काढून तुमच्यासमोर ठेवतो. लोखंडी प्लेटांवर निळसर डाग दिसले म्हणजे त्या तापून गेल्यात. अशा वेळी फक्त घर्षणाच्या प्लेटा बदलून पैसे वाचवा म्हणणारे बरेच भेटतात. डाग पडलेल्या, वाकलेल्या प्लेटांवर नव्या प्लेटा बसवल्या तर त्याही लवकर जातात, आणि मग नाव आमचं खराब होतं. म्हणून स्प्रिंगासकट सेट, नवं पॅकिंग आणि ऑइल हे एकत्रच. ऑइल मोटारसायकलचंच. चारचाकीचं उरलेलं ऑइल घरून बाटलीत आणू नका. त्यातल्या काही ऑइलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात आणि नवा कोरा क्लच घसरायला लागतो.

फोन करण्याआधी तीन गोष्टी बघा. गाडी सुरूच होत नाही: उजव्या हाताचं लाल बटण बंद आहे का? गिअर टाकला की बंद पडते: साइड स्टँड खाली आहे का? नव्या बऱ्याच गाड्यांत स्टँड खाली असेल तर इंजिन बंद होतं. पडल्यावर सुरू होत नाही: चावी बंद करून परत लावा, काही गाड्या कलंडल्या की स्वतःहून इंजिन बंद करतात. यासाठी शेळगीहून टेम्पोत गाडी घालून आणलेले ग्राहक आहेत. आम्ही त्यांच्याकडून काही घेतलं नाही, पण टेम्पोवाल्यानं घेतलं.

शिकवण्याआधी गाडी आणलीत तर आम्ही केबलची ढील, आयडल (रेस न देता इंजिन चालतं तो वेग) आणि दोन्ही ब्रेक बघून देतो. बीएस-६ च्या इंजेक्शनवाल्या गाड्यांत बहुधा आयडल हातानं वाढवता येत नाही, ते मागू नका. हँडलवरचे लिव्हर इतपतच आवळतो, की गाडी पडली तर लिव्हर फिरेल, मोडणार नाही. लेग गार्ड लावून घ्या. एका पडण्यात त्याचे पैसे निघतात. सर्व्हिसिंगसोबत आणलीत तर या तपासणीचे वेगळे पैसे नाहीत.

लायसन्सचं थोडक्यात. गिअरच्या गाडीला १८ वर्षं पूर्ण हवीत. १६ ची सवलत फक्त बिनगिअरच्या, ५० सीसीपर्यंतच्या गाडीला आहे. अकरावीतल्या पोरासाठी हे सेटिंग आम्ही करून देत नाही, ओळखीच्यांनीही गळ घालू नये. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. स्कूटरचं बिनगिअरचं लायसन्स मोटारसायकलला चालत नाही, त्यासाठी वेगळं लर्निंग काढावं लागतं. लर्निंग सहा महिने चालतं, पक्क्या लायसन्सची परीक्षा ३० दिवसांनंतर. रस्त्यावर पुढं-मागं पांढऱ्यावर लाल "एल" आणि मागं लायसन्सवाला माणूस हवा. "एल"चे स्टिकर काउंटरवर मिळतील.

क्लचचं काम असेल तर गाडी सकाळी १० च्या आत आणून लावा. इंजिन गार झाल्याशिवाय आम्ही कव्हर उघडत नाही, त्यामुळं दुपारी आलेली गाडी दुसऱ्या दिवशीच मिळेल.