नाबी म्हणजे कोण? बायबलमधल्या संदेष्ट्याची पार्श्वभूमी

कीश नावाच्या गृहस्थाची गाढवं हरवतात. त्याचा मुलगा शौल एका नोकराला बरोबर घेऊन डोंगर-माळ पालथे घालतो. गाढवं काही सापडत नाहीत. शौल म्हणतो, चल परत, नाहीतर बाबा गाढवांचं विसरून आपल्याच काळजीत पडतील. नोकर म्हणतो, या गावात देवाचा एक माणूस आहे, तो बोलतो ते खरं होतं, त्याला विचारून बघू. रिकाम्या हाती कसं जायचं? नोकराच्या गाठीला चांदीचा पाव शेकेल, म्हणजे तेव्हाच्या मापाने थोडीशी चांदी, निघते.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातली ही गोष्ट. ती सांगता सांगता लिहिणारा मध्येच थांबतो आणि वाचकाला समजावतो, की आज ज्याला संदेष्टा म्हणतात त्याला पूर्वी द्रष्टा म्हणत. म्हणजे हे काम काळाबरोबर बदलत आलं आहे, याची जाण खुद्द बायबल लिहिणाऱ्यांना होती. पाव शेकेल देऊन हरवलेलं जनावर विचारायचं, इथून सुरुवात झाली. पुढे त्याच परंपरेतली माणसं राजाला तोंडावर खुनी म्हणू लागली.

हिब्रू शब्द आहे नाबी, अनेकवचन नबीईम. ‘बोलावणे’ या अर्थाच्या जुन्या सेमिटिक धातूशी त्याचं नातं जोडलं जातं. पण अर्थ समजायला व्युत्पत्तीपेक्षा निर्गम पुस्तकाच्या सातव्या अध्यायातलं एक वाक्य जास्त उपयोगी पडतं. मोशे जड जिभेचा, फारोपुढे म्हणजे इजिप्तच्या राजापुढे बोलायला कचरणारा. देव त्याला सांगतो, मी तुला फारोपुढे देवासारखा केलं आहे आणि तुझा भाऊ अहरोन तुझा नाबी होईल. नाबी म्हणजे दुसऱ्याचं बोलणं स्वतःच्या तोंडून पोहोचवणारा. ग्रीक भाषांतरकारांनी निवडलेल्या ‘प्रोफेतेस’ या शब्दातही कुणाच्या तरी वतीने बोलण्याचा अर्थ आहेच. मराठी ख्रिस्ती वाचकांना ‘भविष्यवादी’ हाही शब्द परिचयाचा आहे, पण मला ‘संदेष्टा’ कितीतरी नेमका वाटतो. ‘भविष्यवादी’ म्हटलं की डोळ्यांपुढे पंचांग आणि पत्रिका येतात, आणि मग आमोस किंवा यिर्मयासारखा संदेष्टा हातचा निसटतो.

देवाच्या नावाने बोलणारी माणसं एकट्या इस्राएलात होती असंही नाही. फरात नदीकाठच्या मारी या नगरात, आजच्या सीरियात, इ.स.पू. 18 व्या शतकातल्या मातीच्या पाट्या सापडल्या आहेत. अमक्या देवळात अमकी बाई किंवा पुरुष अंगात आल्यासारखं असं असं बोलला, हे झिम्रीलिम राजाचे अधिकारी त्याला कळवतात. काही निरोपांबरोबर बोलणाऱ्याच्या केसांची बट आणि वस्त्राची किनारही पाठवलेली असे, राजाला खरंखोटं पडताळता यावं म्हणून. बोलणारा खरा कशावरून, हा प्रश्न तेव्हाही होता. इस्राएलात तोच प्रश्न पुढे जिवावरचा ठरला.

राजसत्ता आली आणि संदेष्ट्याची जागा राजवाड्याच्या दारात आली. दावीद राजाने आपल्या सैनिकाची, उरियाची, बायको घेतली आणि उरियाला लढाईत मरायला पाठवलं, तेव्हा संदेष्टा नाथान दरबारात येऊन एका गरिबाच्या एकुलत्या एका कोकरीची गोष्ट सांगतो. ती श्रीमंताने हिसकावून पाहुण्यासाठी कापली. दावीद संतापतो, असा माणूस मेलाच पाहिजे म्हणतो. नाथान एवढंच म्हणतो, तो माणूस तूच. त्यानंतर इ.स.पू. 9 व्या शतकात अहाब राजा नाबोथाचा द्राक्षमळा त्याच्या खुनानंतर ताब्यात घ्यायला जातो, तर तिथे संदेष्टा एलीया उभा असतो. खून केलास आणि वर मालमत्ताही घेतलीस का, हा त्याचा सवाल आहे. दोन्ही प्रसंगांत भविष्य येतं, शिक्षेच्या रूपात येतं. पण प्रसंगाचा गाभा समोर घडलेला अन्याय आहे.

राजाच्या पदरीही संदेष्टे होते, आणि पुष्कळ होते. लढाईला जावं का, असं अहाबाने विचारलं तेव्हा सुमारे चारशे जणांनी एका सुरात ‘जा’ म्हटलं. मीखाया नावाचा एकटा ‘नको’ म्हणाला आणि कैदेत गेला. अहाब त्या लढाईतून जिवंत परतला नाही.

आमोसापाशी मात्र थांबायलाच हवं. इ.स.पू. 8 व्या शतकाचा मध्य. तोवर उत्तरेचं आणि दक्षिणेचं अशी दोन राज्यं झालेली, आणि उत्तरेच्या राज्यात दुसऱ्या यराबाम राजाची भरभराट. आमोस दक्षिणेतल्या तकोवा गावचा. तो बेथेलच्या राजमंदिरात येऊन सांगतो, की तुम्ही गरिबाला एका जोड्यापायी विकता, मापं लहान आणि वजनं खोटी ठेवता, तुमच्या सणांचा देवाला वीट आला आहे. तिथला पुजारी अमस्या त्याला बजावतो: द्रष्ट्या, आपल्या मुलखात जा आणि तिथेच पोट भर. आमोसाचं उत्तर असं, की मी संदेष्टा नाही, संदेष्ट्याचा मुलगाही नाही. मी गुरंमेंढरं राखणारा आणि उंबराच्या झाडांची निगा करणारा माणूस. मराठी भाषांतरात इथे उंबर येतो आणि तो शोभतो, कारण तिकडचं ते झाड आपल्या उंबराच्याच कुळातलं, खोडाला फळं धरणारं. त्याची फळं लवकर पिकावीत म्हणून त्यांना चिरा पाडाव्या लागत. झाडावर चढून एकेका फळाला चीर देणारा मजूर राजमंदिरात उभा राहून राजाच्या घराण्याचा अंत सांगतो आहे. पोट भरण्याचा टोमणा त्याला लागत नाही, कारण बोलणं हा त्याचा धंदाच नव्हता. पुढे इ.स.पू. 722 च्या सुमारास अश्शूरच्या साम्राज्याने उत्तरेच्या राज्याची राजधानी शोमरोन घेतली. आमोसाचे शब्द जपून ठेवावेसे वाटले, त्यामागे हेही कारण असणार. स्वतःच्या नावाचं पुस्तक असलेल्या संदेष्ट्यांत तो सर्वांत आधीच्यांपैकी आहे.

खरा कोण आणि खोटा कोण, यासाठी बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात कसोटी दिली आहे: बोललेलं घडलं नाही तर ते देवाचं नव्हे. पण घडेपर्यंत लोकांनी काय करायचं? यिर्मयाचं सारं आयुष्य या प्रश्नात गेलं. बाबेलची, म्हणजे बॅबिलोनची, सत्ता मान्य करा, असं सांगत तो मानेवर लाकडी जू घेऊन यरुशलेमेत फिरत होता. हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा मंदिरात सर्वांदेखत म्हणाला, की दोन वर्षांत बाबेलचं जू मोडेल, आणि त्याने यिर्मयाच्या मानेवरचं जू काढून मोडलं. त्याच्या भाकितावर यिर्मया आधी म्हणाला, “आमेन, परमेश्वर तसंच करो.” हे वाचताना प्रत्येक वेळी माझ्या पोटात कालवतं. आपलं भाकीत खोटं ठरावं अशीच त्याची मनापासून इच्छा होती. जू मोडल्यावर तो मुकाट्याने निघून गेला. परतला तो लोखंडी जुवाचा निरोप घेऊन.

आणखी एक प्रसंग थोडा आधीचा, यहोयाकीम राजाच्या काळातला. यिर्मयाला मंदिरात यायची बंदी होती. त्याने सांगितलं, त्याचा लेखनिक बारूखने शाईने गुंडाळीवर उतरवून घेतलं आणि ते मंदिरात वाचलं. गुंडाळी राजाकडे गेली. हिवाळा होता, राजापुढे शेगडी पेटलेली. तीनचार स्तंभ वाचून झाले की राजा तेवढा भाग चाकूने कापून शेगडीत टाके. असं करत सगळी गुंडाळी जळाली. यिर्मयाने दुसरी घेतली, पुन्हा सगळं सांगितलं आणि त्यात आणखी भर घातली. इ.स.पू. 586 च्या सुमारास यरुशलेम पडलं, मंदिर जळालं, पण शब्द उरले होते.

संदेष्ट्याचं भाकीत फसूही शकतं, आणि त्यात आनंद असू शकतो, हे योनाच्या छोट्या पुस्तकात आहे. चाळीस दिवसांत अश्शूरचं निनवे नगर उलथणार, असं तो सांगतो. लोक पश्चात्ताप करतात, नगर वाचतं आणि योना रुसून बसतो. योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवशी दुपारी यहुदी सभास्थानात हेच पुस्तक वाचतात. या परंपरेत स्त्रियाही आहेत. मंदिरात सापडलेला धर्मग्रंथ खरा का, हे विचारायला योशिया राजाची माणसं हुल्दा नावाच्या संदेष्ट्रीकडे गेली होती.

हाग्गय, जखऱ्या आणि मलाखी यांच्यानंतर संदेशाचा झरा आटला, अशी यहुदी धर्मगुरूंची धारणा. इ.स.पू. 2 ऱ्या शतकात मक्काबी या बंडखोर यहुदी घराण्याने मंदिरातली विटाळलेली वेदी पाडली, तेव्हा त्या दगडांचं काय करायचं हे कुणालाच ठरवता येईना. कुणी संदेष्टा येऊन सांगेपर्यंत त्यांनी ते बाजूला रचून ठेवले.

इथे दोन वाटा फुटतात, आणि त्या पुस्तकांच्या क्रमातही दिसतात. यहुदी तनाखमध्ये, म्हणजे हिब्रू बायबलमध्ये, संदेष्टे मधल्या भागात आहेत. यहोशवा, शास्ते, शमुवेल, राजे यांचीही गणना तिथेच होते. दानीएल मात्र नंतरच्या ‘लेखां’मध्ये आहे आणि सहसा शेवटी येतं ते ‘इतिहास’ हे पुस्तक. ख्रिस्ती जुना करार मलाखीवर संपतो. त्या भयंकर दिवसाआधी मी एलीयाला पाठवीन, हे वचन त्याच्या अखेरीस आहे. पान उलटलं की नव्या करारातलं पहिलं पुस्तक मत्तय, आणि थोड्याच अध्यायांत उंटाच्या केसांचं वस्त्र आणि कमरेला चामड्याचा पट्टा घातलेला बाप्तिस्मा करणारा योहान. हा वेश एलीयाचाच. लूक सांगतो, की नासरेथच्या सभास्थानात येशूने यशयाची गुंडाळी उघडून गरिबांना सुवार्ता सांगण्याचा भाग वाचला आणि हे आज पूर्ण झालं म्हणाला. ख्रिस्ती माणूस सगळे संदेष्टे त्या ‘आज’च्या उजेडात वाचतो. यहुदी वाचकासाठी त्या वचनांची वाट अजून संपलेली नाही.

पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांतही संदेष्टे होते. फिलिप्पाच्या चार मुली संदेश देत, असं प्रेषितांच्या कृत्यांत आहे. ‘दिदाखे’ या फार जुन्या ख्रिस्ती नियमग्रंथात गावोगाव फिरणाऱ्यांसाठी कसोटी दिली आहे: तीन दिवस मुक्काम ठोकणारा खोटा, जाताना पैसे मागणारा खोटा. पाव शेकेलापासून निघालेली ही वाट इथे उलट टोकाला पोहोचली.

एलीयाची वाट मात्र आपल्या कोकणातही पाहिली जाते. मराठी बोलणारे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी, त्याला एलियाहू हन्नाबी म्हणतात, म्हणजे ‘तो नाबी’. नवस फेडताना, शुभकार्यात त्याच्या नावाने मलिदा करतात: गोड पोहे, ओलं खोबरं, वर फळं. अलिबागजवळच्या खंडाळ्यात एक खडक आहे. त्यावरच्या खुणा एलियाहूच्या रथाच्या, तो तिथूनच स्वर्गात गेला, असं ही मंडळी मानतात, आणि मलिद्याचं ताट घेऊन त्या खडकापाशी जातात.