वयात येणं (पौगंडावस्था)

लहानपण संपून मोठेपण नीट सुरू होईपर्यंतचा जो मधला काळ असतो त्याला पुस्तकात पौगंडावस्था किंवा किशोरावस्था म्हणतात, घरात म्हणतात वयात आलाय किंवा आलीये. जागतिक आरोग्य संघटना हे वय १० ते १९ धरते. आपला जुना शब्द मात्र गद्धेपंचविशी, म्हणजे सोळा ते पंचवीस, आणि गंमत अशी की मेंदूपुरतं बघितलं तर हा शब्दच जास्त बरोबर निघालाय. तसं हे एक वेगळं वय आहे हेच आपल्याकडे उशिरा मान्य झालं, १८९१ मध्ये मुलींच्या संमतिवयाची (शरीरसंबंधाला कायद्याने संमती धरायच्या वयाची) मर्यादा १० वरून १२ केली तर त्यावरून पुण्या-मुंबईत केवढा गदारोळ झाला होता.

सगळ्याची सुरुवात डोक्यात होते. हायपोथॅलॅमस नावाचा भाग पिट्युटरी ग्रंथीला इशारा देतो, ती पुढे अंडाशयाला किंवा वृषणांना कामाला लावते आणि मग इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन वगैरे हार्मोन्स सुटतात. मुलींमध्ये हे साधारण ८ ते १३ च्या दरम्यान सुरू होतं, मुलांमध्ये ९ ते १४, म्हणून सहावी-सातवीच्या वर्गाच्या फोटोत मुली उंच आणि मुलं बुटकी दिसतात. लोकांना वाटतं आवाज फुटला, मिसरूड आलं म्हणजे आत्ता सुरू झालं, पण ते बरंच नंतरचं असतं. मुलींचंही तसंच, छातीची वाढ आधी आणि पाळी त्यानंतर साधारण दोन-अडीच वर्षांनी.

उंची एकदम वाढते, मुलींची अकरा-बाराच्या आसपास, मुलांची तेरा-चौदाला, आणि ऐन जोराच्या वर्षात मुलगा ९-१० सेंटीमीटरसुद्धा वाढतो. त्यात हात-पाय आधी लांब होतात, धड मागून येतं, त्यामुळे पोरगं घरात चालताना दाराला धडकतं, ग्लास सांडतं, आणि आई म्हणते लक्ष कुठे असतं तुझं. ठाण्यात हे बघायचं असेल तर गोविंदा पथकाचा सराव बघावा, गुरुपौर्णिमेपासून चालू होतो. मागच्या वर्षी वरच्या थरावर हलकाफुलका चढणारा पोरगा यंदा एवढा वाढलेला असतो की त्याला दोन थर खाली उभा करतात आणि तो तोंड पाडून बसतो. (१४ च्या खालच्या मुलांना थरात घ्यायचं नाही हे २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात ठरलं, ते बरंच झालं.)

मुलींच्या बाबतीत वाढीला लोह लागतं आणि पाळीत ते जातंही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या साधारण ५९ टक्के मुलींना ॲनिमिया (रक्तात हिमोग्लोबिन कमी) निघाला, शाळेत आठवड्याला जी लोहाची निळी गोळी देतात ती यासाठीच. पूर्वी न्हाण आलं की मखरात बसवून गावभर सांगायचे, आता मेडिकलवाला पॅडचं पाकीट पेपरात गुंडाळून वर काळ्या पिशवीत घालून देतो. माझ्या मते दोन्ही चुकीचंच, कारण दोन्हीत त्या मुलीला काय वाटतं हे कोणी विचारत नाही.

आता मेंदू. या वयात मेंदू न वापरलेली कनेक्शन छाटतो आणि वापरातली पक्की करतो. मजा, बक्षीस, थरार याला भुलणारे भाग लवकर जोर धरतात आणि पुढचा विचार करून ब्रेक मारणारा कपाळामागचा भाग मात्र पंचविशीच्या आसपासपर्यंत तयार होत राहतो. म्हणजे ॲक्सिलरेटर आधी आणि ब्रेक मागाहून! २००५ मध्ये गार्डनर आणि स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी गाडी चालवायच्या कॉम्प्युटर गेमवर प्रयोग केला, त्यात मित्र बघतायत म्हटल्यावर किशोरवयीन मुलांनी जास्त धोका पत्करला, मोठ्यांना मात्र मित्रांमुळे विशेष फरक पडला नाही. त्यामुळे एकटा असताना सरळ चालवणारा मुलगा ठाण्यातल्या येऊरच्या डोंगराच्या चढावर ट्रिपल सीट असला की वेगळाच होतो, त्याला धोका कळत नाही असं नाही, कळतो, पण मागे बसलेल्या दोघांपुढे तो कमी वाटतो.

अकरा-बाराव्या वर्षापासून अमूर्त विचार जमायला लागतो असं मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारा मानसशास्त्रज्ञ पियाजे सांगतो. बीजगणित याच वयात येतं ते उगाच नाही, आणि "तुम्ही पण तर जेवताना मोबाइल बघता" हा युक्तिवादही याच वयात येतो. एल्काइंड नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये काल्पनिक प्रेक्षक नावाची गोष्ट मांडली, म्हणजे सगळे आपल्याकडेच बघतायत असं वाटणं. ठाणे स्टेशनला संध्याकाळी सातच्या गर्दीत शेजारच्याकडे बघायला कोणाला वेळ नसतो, पण नववीतल्या मुलाला खात्री असते की अख्खा प्लॅटफॉर्म आपल्या नाकावरच्या पिंपलकडे बघतोय.

झोपेचं तर कोणी समजूनच घेत नाही. या वयात मेलाटोनिन हे झोपेची वेळ झाली असं शरीराला सांगणारं हार्मोन रात्री उशिरा पाझरतं, झोप पुढे सरकते, लागते मात्र ८ ते १० तास. मोबाइलमुळे हे जागरण वाढतं हे खरं, पण सगळा दोष मोबाइलचा नाही. २०२४ मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी ९ च्या आधी भरवू नका म्हणून सांगितलं, छान, पण उशिरा झोप येणारी पोरं चौथीच्या पुढचीच! ती सातच्या शाळेला जातात आणि रात्री दहाला क्लासमधून येतात.

घरच्यांपेक्षा मित्र जवळचे होणं, चिडचिड, आपण कोण हे चाचपडणं (मानसशास्त्रज्ञ एरिक्सनच्या मते या वयाचं मुख्य काम हेच) हे सगळं नेहमीचंच. पण दोन आठवडे उलटले तरी जेवण, झोप, मित्र सगळंच सुटलेलं असेल तर ते वयाचं म्हणून सोडू नये, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे. बाकी एकटं राहायला जागा लागते आणि वन बीएचकेमध्ये आतून कडी लागणारं दार एकच, बाथरूमचं, म्हणून मग जिना, पार्किंग, तलावपाळीचा कट्टा. गच्ची आहे, पण किल्ली सेक्रेटरीकडे.