पॉलिकार्प, संत

पॉलिकार्प, संत (सु. ६९ – सु. १५५) : स्मर्ना (सध्याचे तुर्कस्तानातील इझमीर) येथील बिशप व ख्रिस्ती रक्तसाक्षी (धर्मासाठी प्राण देणारे हुतात्मे). पुढे लियों (फ्रान्स) येथील बिशप झालेल्या इरिनिअस यांनी लहानपणी त्यांची प्रवचने ऐकली होती. येशूचा शिष्य प्रेषित योहान याच्या सहवासातील आठवणी पॉलिकार्प सांगत, असे इरिनिअस यांनी लिहून ठेवले आहे. पॉलिकार्प यांचे फिलिप्पैकर मंडळीला (फिलिप्पै शहरातील ख्रिस्ती समुदायाला) लिहिलेले पत्र आज उपलब्ध आहे. ईस्टरच्या तिथीवरून रोमचे बिशप अनिसीटस यांच्याशी त्यांचे एकमत झाले नाही, तरीही दोघे सलोख्यानेच एकमेकांचा निरोप घेऊन निघाले.

त्यांच्या मृत्यूची हकिकत स्मर्नाच्या मंडळीने आशिया मायनरमधील फिलोमेलियम शहराच्या मंडळीला पाठविलेल्या पत्रात आली आहे. पकडायला आलेल्या शिपायांना त्यांनी जेवू घातले आणि प्रार्थनेसाठी तासभराची मुदत मागितली. प्रार्थना मात्र दोन तास चालली. शहराकडे नेताना अधिकाऱ्यांनी त्यांना रथातून घाईघाईने उतरविले, तेव्हा त्यांची नडगी खरचटली. पत्रात येशूच्या दुःखसहनाशी साम्य जागोजागी साधलेले दिसते. अशा रचनेत, त्या साम्यात न बसणारी ही खरचटलेली नडगी विशेष विश्वसनीय वाटते. ख्रिस्ताची निंदा केल्यास सोडून देऊ, असे प्रोकॉन्सलने (रोमन प्रांताधिपतीने) सांगताच, ‘८६ वर्षे मी त्याची सेवा केली, त्याने माझे काहीच वाईट केले नाही, मग माझ्या राजाची निंदा मी कशी करू?’ असे उत्तर त्यांनी दिले. श्वापदांचे खेळ संपले असल्याने त्यांना जाळण्याचे ठरले. ज्वाळा शिडासारख्या फुगून त्यांच्याभोवती उभ्या राहिल्या आणि देह जळेना, तेव्हा खंजीर खुपसून त्यांना मारण्यात आले, असे पत्र सांगते. स्वतःहून पुढे येऊन ऐन वेळी कच खाल्लेल्या क्विंटस नावाच्या माणसाचे उदाहरण देऊन, आपण होऊन मरणाला सामोरे जाणे सुवार्तेला (येशूच्या शिकवणीला) धरून नाही, असेही ते स्पष्ट बजावते.

रक्तसाक्ष्यांच्या पूजनाच्या इतिहासात या पत्राला मोठे महत्त्व आहे. मौल्यवान रत्नांहून अधिक मोलाच्या वाटणाऱ्या अस्थी गोळा करून अनुयायांनी त्या योग्य जागी ठेवल्या आणि दरवर्षी तेथे जमून त्यांच्या हौतात्म्याचा दिवस (स्वर्गातील) ‘जन्मदिवस’ म्हणून पाळण्याचा निश्चय केला. पवित्र अवशेषांचा आदर आणि वार्षिक स्मरणदिन या प्रथांचा हा अगदी जुना लेखी पुरावा आहे. आराधना ख्रिस्ताची, रक्तसाक्ष्यांवर मात्र त्याचे शिष्य म्हणून प्रेम, असा भेदही त्यात केलेला आहे. संतपूजनाविषयी पुढे झालेल्या वादांच्या मुळाशी हाच प्रश्न होता.

मृत्यूच्या वर्षाबाबत मतभेद आहेत : चर्चचे आद्य इतिहासकार युसीबिअस यांनी तो रोमन सम्राट मार्कस ऑरिलिअसच्या कारकिर्दीत (१६१–१८०) झाल्याचे नोंदविले असले, तरी बहुतेक अभ्यासक १५५-५६ हा काळ ग्राह्य धरतात. कॅथलिक व ऑर्थोडॉक्स चर्च त्यांचा सण २३ फेब्रुवारीला पाळतात. कॅथलिक दिनदर्शिकेत १९६९ पर्यंत तो २६ जानेवारीला होता. इझमीरमध्ये त्यांच्या नावाचे कॅथलिक चर्च आजही आहे.