हिंसा रोखण्यासाठी पोलीस कुणाचा सल्ला घेतात?

पोलिसांना सल्ला द्यायचा तो पोलिसानेच, अशी अमेरिकेतली जुनी रीत. कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराचे पोलीसप्रमुख ऑगस्ट व्होल्मर यांच्या हाताखाली ओ. डब्ल्यू. विल्सन घडले आणि 1960 मध्ये बदनाम झालेले पोलीस दल सावरायला शिकागोने त्यांनाच बोलावले. ही परंपरा संपलेली नाही. 2014 मध्ये अमेरिकी न्याय विभागाने हिंसाग्रस्त शहरांसाठी ‘व्हायोलन्स रिडक्शन नेटवर्क’ सुरू केले, तेव्हाही मदतीला निवृत्त पोलीस अधिकारी होतेच. गस्त, तपास, आकडेवारी यांत ही माणसे मुरलेली असतात. पण जो गुन्हा ठाण्यापर्यंत पोचतच नाही, त्याचे काय?

बाहेरची माणसे टेबलाशी आली ती बॉस्टनमध्ये. 1990 साली तिथे 152 खून झाले होते. पुढे हार्वर्डच्या तिघांनी पोलिसांसोबत काम सुरू केले: डेव्हिड केनेडी, अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅन पील आणि गुन्हेशास्त्राचे अभ्यासक अँथनी ब्रागा. केनेडींकडे डॉक्टरेट नव्हती. विद्यापीठात सरकारी कामकाजाचे केस स्टडी लिहिणे हे त्यांचे काम. त्यांनी टोळ्या हाताळणारे पोलीस, प्रोबेशन अधिकारी (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडलेल्या गुन्हेगारांवर लक्ष ठेवणारे) आणि वस्तीत फिरणारे कार्यकर्ते यांना नकाशासमोर बसवले. तरुणांच्या खुनांपैकी निदान 60 टक्के खुनांमागे सुमारे 1,300 टोळीवाले होते, म्हणजे शहरातल्या तरुणांपैकी एक टक्काही नाही. यातूनच 1996 मध्ये ‘ऑपरेशन सीझफायर’ सुरू झाले: टोळीवाल्यांना समोर बोलावून हिंसा थांबवा, नाहीतर कारवाई होईल, असे बजावायचे आणि सुटू पाहणाऱ्यांना मदत द्यायची. कुणाला गाठायचे हे त्या मोजदादीने दाखवले, पण ती माणसे ओळखत होते रस्त्यावरचे लोक. या कामाचे श्रेय एकट्या हार्वर्डला देणे मला अन्यायाचे वाटते.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते वेल्समधल्या कार्डिफचे काम. जोनाथन शेफर्ड हे जबड्याचे आणि चेहऱ्याचे सर्जन. मारामारीत फुटलेले चेहरे ते शिवत, आणि त्यांतल्या बऱ्याच जखमांची पोलिसांकडे नोंदच नसल्याचे त्यांच्या अभ्यासात दिसले. कुणाला सूडाची भीती, कुणाला तक्रारीत अर्थ वाटत नाही. मग कॅज्युअल्टीच्या नोंदणी खिडकीवर काही साधे प्रश्न विचारले जाऊ लागले: मारहाण कुठे झाली, कधी, कशाने? रुग्णाचे नाव काढून ही माहिती पोलीस आणि महापालिकेकडे जाई. कोणत्या पबबाहेर, कोणत्या रस्त्यावर शनिवारी रात्री माणसे उभी करायची, ते त्यावरून ठरे. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, तशाच इतर शहरांच्या तुलनेत हिंसेमुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण कार्डिफमध्ये 42 टक्क्यांनी घटले. रुग्णाचे नाव गुप्त ठेवूनही जखमेची जागा सांगता येते, हे एका डॉक्टरला सुचले, कारण दोन्हींची जबाबदारी त्याच्यावर होती.

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत 2005 मध्ये तिथल्या स्ट्रॅथक्लाइड पोलिसांनी हिंसा घटवण्यासाठी वेगळा विभाग काढला. तो उभा करणारे दोघे होते: जॉन कार्नोकन हे मुरलेले डिटेक्टिव्ह, तर कॅरिन मक्लस्की मूळच्या नर्स, पुढे न्यायवैद्यक मानसशास्त्र शिकून पोलिसांच्या माहिती विश्लेषणात आलेल्या. चाकूहल्ल्यांकडे त्यांनी सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहिले. बॉस्टनच्या धर्तीवर त्यांनी टोळ्यांतल्या पोरांना कोर्टात एकत्र बोलावले; तिथे पोलिसांइतकेच डॉक्टर आणि मुलगा गमावलेली आई बोलत.

शिकागोत साथरोगतज्ज्ञ गॅरी स्लटकिन आणखी पुढे गेले. क्षयरोग आणि कॉलऱ्यावर काम केलेल्या या डॉक्टरने 2000 मध्ये वेस्ट गारफिल्ड पार्क या वस्तीत हिंसा रोखण्याचे काम सुरू केले, ते तिथे वजन असलेल्या माणसांना घेऊन. त्यांत पूर्वीचे टोळीवालेही होते. हे लोक पोलिसांना खबर देत नाहीत. दिली, तर वस्तीत त्यांचे कुणी ऐकणार नाही. काही पोलीस अधिकाऱ्यांना हे खटकते, ते समजण्यासारखे आहे. तरीही मला ही अट रास्त वाटते.

इंग्लंड आणि वेल्समध्ये मात्र हे सहकार्य आता कुणाच्या मर्जीवर राहिलेले नाही. 2022 च्या कायद्यानुसार, जानेवारी 2023 पासून पोलीस, आरोग्य यंत्रणा, प्रोबेशन, अग्निशमन दल आणि स्थानिक प्रशासन यांनी गंभीर हिंसेविरुद्ध एकत्र योजना आखणे बंधनकारक आहे.